वीस नव्या सायकली आणि सत्काराचे नारळ

धुळ्याहून रावेर तालुक्यापर्यंत माणूस एसटीने गेला तर त्याचा कोणी सत्कार करत नाही. तेच अंतर तो सायकलवर गेला की वाटेतल्या प्रत्येक गावाला त्याच्या खांद्यावर उपरणं टाकावंसं वाटतं. असं का होतं, हे मला चार दिवसांत कळलं नाही. उपरणी मात्र नऊ जमली. परत येऊन आता तीन आठवडे झालेत, गुडघे पुन्हा माझे झालेत, तेव्हा काय काय घडलं ते लिहून टाकते.

आमची सहल साधी नव्हती. ज्या सायकलींवरून आम्ही निघालो त्या आमच्या नव्हत्या. रावेर तालुक्यात केळीच्या बागांमध्ये एक गाव आहे, तिथली शाळा सातवीला संपते. पुढचं हायस्कूल सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. दिवाळीपर्यंत मुलींना नेणारी एक रिक्षा होती, ती बंद पडली आणि काही मुलींची शाळाही तिच्याबरोबर थांबली. धुळ्यातल्या आमच्या देवपूर भागातल्या मंडळींनी वीस मुलींसाठी वीस नव्या सायकली घेतल्या. त्या ट्रकने पाठवता आल्या असत्या. पण नाना म्हणाले, "ट्रकने वस्तू पोचते, माणसाने नेली तर माया पोचते."

नाना म्हणजे आमचे पुढारी, निवृत्त मुख्याध्यापक. हे वाक्य मी पुढे वाटेत चौदा वेळा ऐकलं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्याकडे मुलींसाठी फॉर्म बनवण्याचं काम आलं होतं. मी तो मन लावून बनवला. अकरा रकाने होते. नाव, इयत्ता, अंतर, पालकांची सही हे नानांचे. 'वाचनाची आवड आहे का? काय वाचता?' हा माझा. त्या रकान्याचा मला अभिमान होता, हे आत्ताच कबूल केलेलं बरं.

देवपूर ते पारोळा

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी पांझरा नदीच्या पुलावर तोंडातून वाफ निघत होती. वीस माणसं, वीस लेडीज सायकली. पुढे तारेची टोपली, मागे कॅरिअर, गिअर वगैरे काही नाही. प्रत्येक हँडलला एका मुलीच्या नावाचा पुठ्ठा. माझ्या पुठ्ठ्यावर 'भाग्यश्री, इयत्ता नववी'. वाचनाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'मिळेल ते'.

निघण्याआधी नानांनी एकच नियम सांगितला. सायकल नवी निघाली आहे, नवीच पोचली पाहिजे. म्हणून सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही.

गुळगुळीत प्लॅस्टिकवर बसून ज्यांनी चाळीस किलोमीटर सायकल हाणली नसेल त्यांना एवढंच सांगते, की उतार आला की माणूस सायकलच्या आधी पोचतो. फागण्याच्या पुढे मी एकदा पुढे घसरत गेले आणि रस्त्याच्या कडेला आडवी झाले. नाना धावत आले. "काही झालं नाही ना?" मी कोपर झटकत म्हटलं, "नाही, थोडं खरचटलंय." नाना म्हणाले, "नाही, सायकलला म्हणतोय मी."

माझ्यापुढे शिवाभाऊ चालले होते. धुळे तालुक्यातले कापसाचे शेतकरी, साठी ओलांडलेली, मिशा अशा की गुलाबी सायकलवर त्या जास्तच दिसाव्यात. त्यांच्या वाट्याला गुलाबीच आली होती, टोपलीवर फुलपाखराचं चित्र असलेली. एका फाट्यावर चहा पिणाऱ्या माणसाने त्यांना अहिराणीत हटकलं.

"भाऊ, हाई सायकल कोनी शे?"

"मनी नातनी," शिवाभाऊंनी पायडल न थांबवता सांगितलं. "चालाईसन दखी ऱ्हायनू." नातीची आहे, चालवून बघतोय, असं.

पहिला सत्कार पारोळ्याच्या अलीकडच्या एका गावात झाला. रस्त्याच्या कडेला खुर्च्या, माईक, वर कापड. आम्हाला वाटलं लग्न आहे. आमच्यासाठीच होतं. वीस जणांची नावं वाचली गेली, वीस नारळ, वीस उपरणी, वीस टाळ्या. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. पाऊण तास गेला. नारळ ठेवायचा कुठे, तर टोपलीत. पारोळ्यात शिरेपर्यंत प्रत्येकाच्या टोपलीत तीन-तीन नारळ झाले होते आणि हँडल एका बाजूला ओढत होतं.

"नाना," शिवाभाऊ म्हणाले, "नारय कमी करा ना भो. सायकल जड व्हयनी."

"लोकांचं प्रेम आहे ते, शिवाभाऊ."

"प्रेम टोपलीमा मावत नही ना."

पारोळ्यात जेवण मात्र असं होतं की सगळे सत्कार माफ केले. वरण-बट्टी. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे आधी उकडलेले, मग कापून तळलेले, त्यावर वरण आणि वरून तूप, जोडीला घोटलेली वांग्याची भाजी. देवपुरात आमच्या घरीही बट्टी होते, पण मोजून. इथे वाढणाऱ्या बायांना मोजणं माहीत नव्हतं. "अजून एक लेवा ना," म्हणत त्या ताटावर हात धरायच्या आत दोन टाकत.

संध्याकाळी, पाय गरम पाण्यात असताना, फोन आला. नानांनी आत्मीयता वाढावी म्हणून प्रत्येक मुलीला तिची सायकल आणणाऱ्याचा नंबर कळवला होता.

"बाई, मी भाग्यश्री. सायकल कोन्या रंगाची हाये?"

"निळी."

"घंटी हाये?"

मी उठून ओल्या पायाने गेले आणि घंटी वाजवून दाखवली. मग, "पुन्हा वाजवा ना."

भडगाव

पारोळ्याहून भडगावचा रस्ता हायवेपेक्षा सभ्य आहे. दोन्ही बाजूंनी दादर ज्वारी उभी, मध्येच कापसाची वेचून झालेली रानं, पराट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून रचलेल्या. गिरणेला पाणी थोडं होतं पण होतं. आमची पांझरा या दिवसांत पाण्यापेक्षा आठवणींवर चालते, त्यामुळे पुलावर थांबून सगळ्यांनी नदीकडे पाहून घेतलं.

त्या दिवशी चार सत्कार झाले. एका ठिकाणी यजमान आलेच नव्हते, तर आम्ही त्यांच्यासाठी थांबलो. ते आल्यावर त्यांनी आम्हाला वेळेचं महत्त्व सांगितलं.

भडगावात संध्याकाळी भाग्यश्रीचा दुसरा फोन आला. आवाज खाली होता, कोणीतरी जवळ असावं.

"बाई, एक सांगू? नानासाहेबांले सांगू नका."

"सांग."

"मले सायकल येत नाही."

तिनेच पुढे सांगितलं. तिचे आजोबा घरात मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. दिवाळीनंतर रिक्षा बंद झाली. पायी जायला सोबत झाली असती अशा दोन मुली दहावी होऊन गेलेल्या. सहा किलोमीटर एकटीने केळीच्या बागांमधून जायचं म्हणून आजोबांनी तिला घरी बसवलं. सायकल येणार म्हटल्यावर ते म्हणाले, येऊ दे. माझ्यासमोर चालवून दाखव, तर सोमवारपासून शाळेत जा. नाहीतर विषय संपला.

"आणि तू काय सांगितलंस?"

"येते म्हनून सांगितलं. नाहीतर नाव कापलं असतं ना."

"फॉर्ममध्ये तर..." मी म्हटलं आणि थांबले. फॉर्ममध्ये तिने काही खोटं लिहिलं नव्हतं. फॉर्मने तिला विचारलंच नव्हतं.

"रविवारी कार्यक्रम हाये," ती म्हणाली. "हिरवा झेंडा दाखवणार. आमी सगळ्यांनी गावाले फेरी मारायची. मी पडली तर, बाई?"

तो गुरुवार होता. आम्ही शनिवारी भुसावळला मुक्काम करून रविवारी सकाळी थेट कार्यक्रमाच्या मांडवात पोचणार होतो. मधे एक तासही नव्हता.

मी स्वतः सायकल शिकले ती वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून. तेव्हा प्रत्येक घरात सायकल होती आणि ती पाडायची परवानगी आपोआप मिळायची. आता घरोघरी मोटारसायकल आहे. ज्या घरात सायकल नाही म्हणून आपण सायकल देतो, त्या घरातल्या मुलीला ती येणार कुठून? हे समजायला ग्रंथपाल असावं लागत नाही. बहुधा नसावंच लागतं.

जळगाव

पाचोऱ्यावरून जळगावपर्यंतचा दिवस लांबच लांब गेला. मी कोणालाच काही सांगितलं नाही. तिने नानांना सांगू नका म्हटलं होतं आणि नानांना वगळून या यात्रेत काही सांगण्यासारखी जागा नव्हती. दोन सत्कारांत मी नारळ घेऊन उभी होते आणि रविवारी मांडवासमोर धपकन पडणारी एक मुलगी मला दिसत होती, टाळ्यांच्या मधोमध.

जळगावच्या बाहेर एका शेतात संध्याकाळी भरिताचा बेत होता. आमच्याकडे वांगं गॅसवर भाजतात आणि त्याला भरीत म्हणतात. इथे हे बोलून दाखवलं तर लोक दया येऊन आपल्याकडे पाहतात. पांढरट हिरवी लांबट वांगी पराट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी मुसळाने ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वरून तेल, तेही हात आखडता न घेता. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. माझं मन जेवणात नव्हतं, तरी तीन भाकरी झाल्या.

जेवताना नाना उद्याचा कार्यक्रम वाचत होते. भुसावळला संध्याकाळी मोठा सत्कार, नानांना मानपत्र. मानपत्राचा मजकूर त्यांनी आधीच मागवून त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून पाठवल्या होत्या.

"नाना," मी म्हटलं, "मुलींना सायकल येते का, हे आपण विचारलं होतं का?"

नाना हसले. "मॅडम, सायकल कोणाला येत नाही?"

"भाग्यश्रीला येत नाही."

मी सगळं सांगितलं. आजोबांची अट, सोमवार, फेरी. शेतात जाळ तडतडत होता. मग शिवाभाऊंनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मनी पोरले बी येत नही," ते म्हणाले. "काल तिना फोन उंथा. कोनले सांगू नका म्हने, म्हनीसन मी गप बसनू."

समोरच्या एकीने मान खाली घातली. तिलाही फोन आला होता. नानांनी शेवटी शाळेतल्यासारखं विचारलं, कोणाकोणाला फोन आले, हात वर करा. नऊ हात वर झाले. प्रत्येकाने आपापल्या मुलीचं गुपित राखलं होतं. उरलेल्या अकरा जणींना सायकल येत होती की त्यांना फोन करायचा धीर झाला नव्हता, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"तुम्ही बठ्ठा शिकेल लोके," शिवाभाऊ म्हणाले. "अकरा गोष्टी इचाऱ्यात. वाचतीस काय ते बी इचारं. चालाडता येस का, ते नही इचारं."

"वाचनाचं मी विचारलं होतं," मी म्हटलं.

"मले माहीत शे, बाई. म्हनीसनच बोलनू."

नानांनी खिशातून कार्यक्रमाचा कागद पुन्हा काढला. चष्मा लावला. बराच वेळ तो वाचला, जणू त्यात एखादी ओळ राहून गेली होती. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. प्रश्नपत्रिकाच चुकली, असं फार वेळा झालं नसावं.

"भुसावळला," ते म्हणाले, "चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं. उद्या चारच्या आत गावात पोचलं पाहिजे."

"आणि मानपत्र?" कोणीतरी विचारलं.

"ते पोस्टाने येतं," नाना म्हणाले आणि कागदाची घडी घालून भाकरीकडे वळले.

तापीच्या पलीकडे

शनिवारी आम्ही खऱ्या अर्थाने सायकल चालवली. भुसावळला रेल्वेच्या वसाहतीबाहेर उभ्या-उभ्या चहा घेतला. सत्काराचे लोक संध्याकाळची वाट पाहत असणार. नानांनी त्यांना फोनवर कळवलं आणि फोन कानापासून लांब धरून ऐकून घेतलं. तापीचा पूल ओलांडला आणि रंग बदलला. कालपर्यंत पिवळं-करडं होतं, आता दोन्ही हातांना केळी. भिंतीसारखी हिरवी, मध्ये पाण्याच्या नळ्या, रस्त्यावर केळीने भरलेले ट्रक. हवाही ओलसर. बोलीसुद्धा बदलली. एका बाईंना शिवाभाऊंनी रस्ता विचारला तर त्या परकी भाषा ऐकल्यासारख्या त्यांच्या अहिराणीकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमी कोन्या गावचे वो? सरळ जा, अन् पानी पिऊन जा."

एका गावात खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. नानांनी मान वळवली नाही. घंटी वाजवत ते सरळ निघून गेले. मी चार दिवसांत त्यांना पहिल्यांदा वेगात पाहिलं.

साडेतीनला गावात पोचलो. मुली शाळेच्या भिंतीशी उभ्या होत्या. भाग्यश्री कोणती, हे मला विचारावं लागलं नाही. ती सायकलकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती, मी कोणाजवळ काही बोलले का ते ओळखायला. बारीक, दोन वेण्या, भावाचा असावा असा मोठा स्वेटर.

"सगळ्यांना सांगितलं," मी म्हटलं. "नानांनासुद्धा. तू एकटी नाहीस. नऊ जणी आहात."

"नऊ?" ती म्हणाली. तिने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी उभ्या असलेल्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक म्हणाली, "दहा." मग दुसरी, "बारा."

केळी काढून झालेल्या एका रिकाम्या शेताच्या कडेने गाडीवाट होती, लांब आणि अरुंद. आजोबा मंडळींच्या दृष्टीआड. शिवाभाऊंनी टोपल्यांमधले नारळ काढले आणि वाटेवर दोन रांगांत मांडले. चार दिवसांच्या सत्कारांचा पहिल्यांदा काही उपयोग झाला. त्या दोन रांगांमधून सायकल न्यायची. एकाने मागून कॅरिअर धरायचं, दुसऱ्याने शेवटाला उभं राहून थांबवायचं, सायकल फिरवून द्यायची आणि परत पाठवायचं.

"खाली पाहू नको," मी भाग्यश्रीला सांगत होते. "समोर बघ. पायडल मार."

"प्लॅस्टिकवरून घसरते मी."

"आम्ही धुळ्याहून घसरत आलोय. चालव."

नारळाला सायकल लागली की मुली ओरडत, शिवाभाऊ ओरडत, "एक नारय फुटना, परसाद व्हयना, चाल पुढे." तिसऱ्या फेरीत मी कॅरिअर सोडलं आणि तिला सांगितलं नाही. ती शेवटच्या नारळापर्यंत गेली. ब्रेक दाबला, पाय टेकला आणि मागे पाहिलं. मी खूप लांब उभी होते. ती हसली नाही. "पुन्हा," म्हणाली.

अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून हेच चाललं. बाराही जणी चालवू लागल्या.

मांडव

रविवारी मांडव सजला होता. प्रमुख पाहुणे आले, उशिरा आले म्हणून त्यांचं स्वागत जास्त झालं. मुली सायकली घेऊन ओळीने उभ्या. ठरल्याप्रमाणे झेंडा दाखवल्यावर त्यांनी ग्रामपंचायतीपाशी डावीकडे वळून गावाला फेरी मारायची आणि मांडवात परत येऊन भाषणं ऐकायची.

भाग्यश्रीचे आजोबा माझ्याशेजारी उभे होते. उंच, पांढरी टोपी, हात पाठीमागे. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. डोळे सायकलवर.

झेंडा हलला. भाग्यश्री पहिली निघाली. समोर बघत, पायडल मारत, हँडल सरळ. काल शिकवलं तसं तंतोतंत. ग्रामपंचायत आली आणि तेव्हा मला आठवलं की नारळांच्या रांगा सरळ होत्या. शेवटाला आम्हीच सायकल फिरवून देत होतो. बारा जणींपैकी एकीलाही आम्ही वळायला शिकवलं नव्हतं.

भाग्यश्री ग्रामपंचायत ओलांडून सरळ गेली. मागच्याही गेल्या. ज्यांना वळता येत होतं त्या क्षणभर घुटमळल्या आणि सगळ्या जातात म्हटल्यावर त्याही सरळ गेल्या. मारुतीचं देऊळ, दुधाची डेअरी, मग केळीच्या बागा. वीस घंट्या लांब लांब जात ऐकू येईनाशा झाल्या. माईकवरून कोणी म्हणालं, "मुली आता फेरी मारून येतील." कोणी आलं नाही.

"कुठी गेली ती?" आजोबांनी विचारलं.

"वळायचं शिकवलं नाही आम्ही," मी खरं सांगितलं. "काल संध्याकाळीच शिकली ती. त्याआधी येत नव्हतं तिला."

तो रस्ता कुठे जातो हे आजोबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मांडवात पाहुण्यांचं भाषण सुरू झालं, स्त्रीशिक्षणावर. समोर मुलींसाठीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नाना अध्यक्षांशेजारी बसले होते आणि रस्त्याकडे पाहत होते.

अर्ध्या तासाने माझा फोन वाजला.

"बाई, शाळेपाशी पोचली. सगळ्या पोचल्या. कोनी पडलं नाही." ती धापा टाकत होती. "पन आता सायकल फिरवायची कशी?"

आजोबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"खाली उतर," ते म्हणाले. "हाताने उचलून फिरव. मंग बस. घाई करू नको." मग म्हणाले, "गेट उघडं हाये का पाह. बंद? मंग उद्या येईन म्हन त्या गेटले."

फोन मला परत देऊन ते मांडवात गेले, पुढच्या रांगेतली एक खुर्ची उचलली, रस्त्याच्या कडेला तोंड मांडवाकडे नव्हे तर केळीच्या रस्त्याकडे करून ठेवली आणि बसले. थोड्या वेळाने नाना स्टेजवरून उतरले. तेही स्वतःची खुर्ची घेऊन आले.